पॉडकास्ट : डोळ्यांचं काम किती, कानांचं किती?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ डॅनियल रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरावर लोकांना काही गोष्टी दाखवल्या आणि काही नुसत्याच ऐकवल्या. प्रसंग गाजलेल्या कादंबऱ्यांमधले होते. एखादा प्रसंग चित्रपटाच्या किंवा मालिकेच्या रूपात समोर यायचा, तर एखादा फक्त वाचनाच्या रूपात कानावर पडायचा. मनगटावर बांधलेला संवेदक हृदयाचे ठोके, त्वचेचं तापमान आणि घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता टिपत होता. कशात जास्त रमलात, असं विचारल्यावर लोकांनी व्हिडिओला झुकतं माप दिलं, साधारण १५ टक्क्यांनी जास्त. शरीराची साक्ष मात्र उलट निघाली. नुसतं ऐकताना ठोके मिनिटाला सरासरी दोनाने वाढलेले होते, त्वचा अधिक उबदार होती आणि वाहकताही जास्त होती.

हा अभ्यास २०२० साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी पैसा ऑडिओबुक विकणाऱ्या ऑडिबलने दिला होता, हे वाचकाने लक्षात ठेवायला हवं. शिवाय ठोके वाढले म्हणजे माणूस जास्त आनंदात होता, असंही ठरत नाही. संशोधकांचा अर्थ असा की ऐकणाऱ्याला चेहरे, खोल्या, रस्ते हे सगळं स्वतःच उभं करावं लागतं, आणि त्या मेहनतीची खूण शरीरावर उमटते. मला हा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. ‘तुम्हाला काय आवडतं?’ या प्रश्नाचं उत्तर आणि माणूस प्रत्यक्षात कशात गुंततो याचं उत्तर वेगवेगळं असू शकतं. पॉडकास्ट बघायचा की ऐकायचा, हा वाद सध्या जवळपास पूर्णपणे पहिल्याच उत्तराच्या आधारावर चाललेला आहे.

आकड्यांच्या बाजूने पाहिलं तर व्हिडिओची सरशी उघड दिसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की त्यांच्याकडे पॉडकास्टचे महिन्याला १०० कोटींहून जास्त प्रेक्षक-श्रोते आहेत. २०२४ मध्ये लोकांनी दिवाणखान्यातल्या टीव्हीसारख्या पडद्यांवर महिन्याला ४० कोटी तासांपेक्षा जास्त पॉडकास्ट पाहिले, असंही कंपनीने सांगितलं. गूगलने स्वतःचं ‘गूगल पॉडकास्ट्स’ हे ऐकण्याचं अ‍ॅप २०२४ मध्ये बंद केलं आणि श्रोत्यांना यूट्यूब म्युझिककडे वळवलं. मराठीत तर बहुतेकांना पॉडकास्ट भेटला तोच यूट्यूबवर. दोन खुर्च्या, दोन माईक, मागे पुस्तकांचं कपाट. आपल्याकडे ‘पॉडकास्ट’ म्हटलं की हेच चित्र डोळ्यांसमोर येतं.

तरी व्हिडिओ पॉडकास्ट ही आजची गोष्ट नाही. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द २००४ साली ‘द गार्डियन’मधल्या एका लेखात आला. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ दाखवणारा आयपॉड बाजारात आला. म्हणजे चित्र पहिल्या वर्षापासूनच उपलब्ध होतं. तरीही पुढची पंधराएक वर्षं माध्यम वाढलं ते प्रामुख्याने कानावर. त्याचं कारण आपल्या अवधानाच्या रचनेत सापडतं.

अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यरत स्मृतीचा एक आराखडा मांडला. हाती घेतलेल्या कामापुरती माहिती आपण काही क्षण मनात धरून ठेवतो, ती ही स्मृती. त्यांच्या मते तिच्यात शब्द आणि आवाज सांभाळणारी एक यंत्रणा असते, आणि चित्र व जागा सांभाळणारी दुसरी. एकीवर भार असताना दुसरी बरीचशी मोकळी राहू शकते. भांडी घासताना, भाजी चिरताना, ओळखीच्या रस्त्याने चालताना डोळे आणि हात गुंतलेले असतात, पण शब्दांची यंत्रणा रिकामी असते. पॉडकास्ट नेमका तिथे शिरतो. ऐकता ऐकता व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर लिहायला घ्या, मिनिटाभराचं संभाषण हरवून जातं. आवाज कानावर पडलेला असतो, पण शब्दांची यंत्रणा लिहिण्यात अडकलेली असते. हात आणि डोळे गुंतलेले असले तरी चालतं, डोक्यातली भाषेची जागा रिकामी हवी.

म्हणूनच ‘लोकांना काय आवडतं’ या प्रश्नापेक्षा ‘त्या वेळी त्यांचे डोळे कुठे आहेत’ हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो. एकच बाई सकाळी डबे भरताना एखादी मुलाखत ऐकते, दुपारी बसमध्ये त्याच मुलाखतीचे पाच मिनिटांचे तुकडे बघते आणि रात्री जेवताना टीव्हीवर उरलेला भाग लावते. तिची आवड दिवसात तीनदा बदललेली नसते. बदललेली असते ती डोळ्यांची सवड.

आता डोळा नेमकं काय देतो ते पाहू. इथलं विज्ञान फार सुंदर आहे.

१९५४ मध्ये सम्बी आणि पोलॅक या अमेरिकी संशोधकांनी गोंगाटात बोलणं कितपत समजतं याचे प्रयोग केले. बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर शब्द किती तरी जास्त ओळखू येतात, असं त्यांना आढळलं. हा फायदा त्यांनी जवळपास १५ डेसिबलच्या बरोबरीचा धरला. १५ डेसिबल म्हणजे आवाजाची शक्ती तीसपटींहून जास्त वाढवणं. शांत खोलीत मात्र हा फायदा जवळजवळ नाहीसा होतो, कारण तिथे कानाला मदतीची गरजच नसते.

गोंगाटात ओठ इतके का उपयोगी पडतात? पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, मिलर आणि नाइसली यांनी गोंगाटात कोणती व्यंजनं एकमेकांत मिसळतात याची मोजणी केली. व्यंजन तोंडात कुठल्या जागी उच्चारलं जातं, ही खूण आधी पुसली जाते. घोष, म्हणजे कंठातलं कंपन, आणि अनुनासिकता या खुणा जास्त तग धरतात. मराठीत सांगायचं तर गर्दीच्या फलाटावर ‘पार’, ‘तार’ आणि ‘कार’ यांत गल्लत होते, पण ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ त्या मानाने वेगळे ऐकू येतात. ओठांकडे बघितलं तर गणित बरोबर उलटं होतं. ‘प’ला ओठ मिटतात, ‘त’ आणि ‘क’ला मिटत नाहीत, हे लांबूनही दिसतं. पण ‘पार’, ‘बार’, ‘मार’ म्हणताना ओठ सारखेच हलतात. कान जिथे कमी पडतो नेमकं तिथेच डोळा पुरवणी देतो, आणि डोळा जिथे आंधळा आहे तिथे कानाला स्पष्ट कळतं. दोन ज्ञानेंद्रियांमधली ही वाटणी मला दरवेळी थक्क करते.

मेंदू ही दोन्ही टिपणं एकत्र शिवतो. १९७६ मध्ये हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की कानावर ‘बा’ आणि पडद्यावर ‘गा’ म्हणणारे ओठ असतील, तर अनेकांना ‘डा’ ऐकू येतं. दोन्हींपैकी काहीच नसलेला तिसरा आवाज! डोळे मिटले की लगेच ‘बा’ परत येतं. खुलासा कळल्यानंतरही हा भास जात नाही.

तेव्हा डोळा काय देतो, याचं पहिलं उत्तर मिळालं. लोकलमध्ये, रिक्षात, मिक्सर चालू असलेल्या घरात बोलणाऱ्याचा चेहरा दिसणं ही खरीखुरी मदत आहे. ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांना ती रोजच लागते. शिकत असलेल्या भाषेतला कार्यक्रम बघतानाही ओठ आणि हावभाव आधार देतात. नकाशा, आलेख, ज्वालामुखीचा छेद असं काही समजवायचं असेल तर चित्राला पर्याय नाही, हेही उघडच आहे.

पण समजा खोली शांत आहे, भाषा मायबोली आहे आणि विषय माणसाच्या आयुष्याचा आहे. अशा वेळी चेहरा दिसल्याने समोरच्याचं मन जास्त कळतं का? येल विद्यापीठात असताना मायकेल क्राउस यांनी हे तपासलं. पाच प्रयोगांत मिळून १,७०० हून जास्त लोकांनी भाग घेतला. काहींना दुसऱ्यांचं संभाषण फक्त ऐकायला मिळालं, काहींना फक्त बघायला, काहींना दोन्ही. समोरच्याला काय वाटत होतं याचा अंदाज सर्वांत अचूक बांधला तो फक्त आवाज ऐकणाऱ्यांनी. दृश्य जोडल्याने अचूकता वाढली नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात क्राउस यांनी दोन कारणं सुचवली. एक, चेहऱ्यावर भाव लपवायला आपण सरावलेलो असतो, आवाजावर तितका ताबा नसतो. दुसरं, डोळ्यांना काम दिलं की लक्ष विभागतं.

दुसऱ्या कारणाला मेंदूच्या मोजणीचाही आधार आहे. अवधानाचा अभ्यास करणाऱ्या निली लाव्ही यांच्या गटाने दाखवलं आहे की डोळ्यांना अवघड काम दिलेलं असताना श्रवणाशी संबंधित मेंदूभागाचा आवाजाला मिळणारा प्रतिसादच कमी होतो. पुस्तकात किंवा फोनमध्ये गढलेल्या माणसाला हाक ऐकू येत नाही, तेव्हा तो दरवेळी दुर्लक्ष करत असतो असं नाही. ती हाक आत नीट पोहोचलेलीच नसते. आता सध्याच्या व्हिडिओ पॉडकास्टकडे बघा. दर चार सेकंदांनी कॅमेरा बदलतो, बोललेलं वाक्य रंगीत अक्षरांत उसळून येतं, कोपऱ्यात जाहिरात फिरते. हे सगळं प्रेक्षकाला धरून ठेवण्यासाठी केलेलं असतं, पण त्याची किंमत ऐकण्यातून वसूल होते. दोन माणसं शांतपणे बोलत असताना कॅमेरा स्थिर ठेवणं हा आळस समजला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मग व्हिडिओला एवढी मागणी का? बराच भाग शोधाशोधीचा आहे. ऑडिओ पॉडकास्ट ज्या आरएसएस फीडवर, म्हणजे भागांची यादी अ‍ॅपपर्यंत पोहोचवणाऱ्या सोयीवर, चालतो तो फक्त नवा भाग आल्याचं कळवतो. तुम्हाला हेही आवडेल, असं तो सांगत नाही. यूट्यूबचं सगळं बळ सुचवण्यातच आहे. मुलाखतीतला मिनिटभराचा तुकडा फिरतो आणि त्यातून माणूस पूर्ण भागापर्यंत येतो. उरलेला भाग चेहऱ्याच्या ओढीचा. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी टीव्ही-रेडिओवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जुळणारं एकतर्फी नातं वर्णन केलं होतं. रोज भेटणारा आवाज ओळखीचा होतो, आणि ओळखीचं माणूस दिसतं कसं, हे आपल्याला बघावंसं वाटतंच.

चेहरा एकदा ओळखीचा झाला की मात्र अनेकजण फोन उपडा ठेवतात आणि कामाला लागतात. व्हिडिओ म्हणून मोजलं गेलेलं कितीतरी ऐकणंच असतं. इथे एक गोष्ट खटकते. यूट्यूबवर पडदा बंद ठेवून ऐकायचं असेल तर सहसा प्रीमियमचे पैसे मोजावे लागतात. कुणाला लागत नसलेलं चित्रही डेटा आणि बॅटरी खात राहतं. तासाभराचा ऑडिओ १२८ केबीपीएसने साठवला तर जेमतेम ५८ एमबी भरतो. साधारण १.५ एमबीपीएसने आलेलं तेवढंच चित्रीकरण ६७५ एमबीच्या घरात जातं, म्हणजे जवळपास बारापट. डेटा स्वस्त आहे हे खरं, पण रेंज सगळीकडे सारखी नाही, आणि घाटात किंवा गावाकडे ५८ एमबी आधीच उतरवून घेता येतात.

म्हणून मराठीत पॉडकास्ट करणाऱ्यांनी व्हिडिओ जरूर करावा, पण त्याबरोबर आरएसएसवर ऑडिओही टाकावा. ‘हे बघा’ म्हणून फोटो दाखवला तर त्यात काय आहे हे एका वाक्यात सांगावं. अंध श्रोत्याला ते लागतं, आणि पोळ्या लाटणाऱ्यालाही. आकाशवाणीवर नभोनाट्य लिहिणारे हे कसब जाणत होते. कोण आत आलं, हातात काय आहे, हे ते संवादातच सांगून टाकत.

आणि व्हिडिओ करायचाच तर ओठ दिसू द्यावेत. आज किती तरी कार्यक्रमांत मोठा माईक थेट तोंडासमोर उभा असतो आणि पाहुण्याचे डोळे, कपाळ, शर्ट असं सगळं दिसतं, फक्त ओठ झाकलेले. ज्या एका गोष्टीसाठी चित्र ऐकण्याला खरोखर मदत करतं, तीच नेमकी आड जाते. माईक हनुवटीच्या खाली घ्यावा. आवाज आणि ओठ यांचा मेळही तपासावा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर प्रेक्षकाला जाणवू लागतं, मागे मात्र तो सुमारे १२५ मिलिसेकंद राहिला तरी चालतो. लांबच्या माणसाचे ओठ आधी दिसतात आणि आवाज मागून येतो, याची मेंदूला आयुष्यभराची सवय आहे.