कूलंट बदललं, पण हवा काढली का?

वाईहून पसरणी घाट चढताना माझ्या बाइकच्या मीटरवर तापमानाच्या काड्या एकेक करत वर सरकल्या आणि रेडिएटरचा पंखा बंद होईना. आदल्याच दिवशी गॅरेजमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बदलून आणलं होतं. कूलंटच्या रिझर्व्ह टाकीतली पातळी दोन खुणांच्या बरोबर मध्ये, गळती कुठेच नाही. तरी इंजिन तापत होतं. कारण नंतर कळलं: कूलंट बदललं होतं, पण आतली हवा काढलेली नव्हती.

ही दोन्ही कामं एकाच बैठकीत होतात म्हणून एकच वाटतात. त्यात हवा काढण्याला ‘ब्लीडिंग’ म्हणतात, आणि ते म्हटलं की बहुतेकांना फक्त ब्रेक आठवतो. पण ड्यूक किंवा आर१५ सारख्या लिक्विड कूल्ड (द्रवाने थंड होणाऱ्या) बाइकच्या कूलंटमधूनही हवा काढावी लागते. (स्प्लेंडरसारख्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांना यातलं काहीच लागत नाही.)

बदलण्यामागचं कारण असतं कूलंटचं वय. कूलंट म्हणजे पाणी, बहुधा इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं. निम्मं-निम्मं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण आपल्याकडे त्याचं कौतुक लडाखला जाणाऱ्यांनाच. आपल्या कामाची आहेत ती गंजरोधक रसायनं. ती हळूहळू संपतात आणि मग ॲल्युमिनियमचं इंजिन आतून खाल्लं जाऊ लागतं. म्हणून बऱ्याच मॅन्युअलमध्ये दर दोन वर्षांनी कूलंट बदलायला सांगितलेलं असतं.

काम तसं सरळ आहे. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं, बहुतेक बाइकवर वॉटर पंपाच्या कव्हरला असलेला ड्रेन बोल्ट काढायचा, सगळं एका भांड्यात घ्यायचं. रिझर्व्ह टाकीही रिकामी करायची. बोल्टचा वॉशर नवा घालायचा. बाटलीवर ‘तयार मिश्रण’ आहे की पाणी घालायचं आहे, ते वाचायचं. घालायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटरच. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो, तसाच इथेही चढतो. रंग सारखा आहे म्हणून दोन वेगळी कूलंट मिसळू नका, कारण रंगावरून आतलं रसायन कळत नाही. आणि ते भांडं उघडं ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं आणि विषारीही. गल्लीतल्या कुत्र्यामांजरांनी चाटलं तर जीव जातो.

हवा काढण्याचा कूलंटच्या वयाशी संबंध नाही. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटर फिरते पण पाणी उचललं जात नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. बाइकचा वॉटर पंपही त्याच जातीचा, पात्यांनी द्रव फेकणारा. रिकाम्या झालेल्या नळ्यांत कूलंट ओतलं की हवा वरच्या भागात, बहुधा सिलिंडर हेडजवळ किंवा होजच्या (रबरी नळीच्या) वळणात, अडकते. नेमकं हेडच सगळ्यात जास्त तापतं. त्यातून तापमानाचा सेन्सर द्रवाऐवजी हवेत राहिला तर मीटर खोटं बोलतो; इंजिन भाजत असताना काड्या कमी दिसू शकतात. मला घाटात निदान खरा इशारा मिळाला.

म्हणून कूलंट हळूहळू, बारीक धारेने ओतायचं. काही बाइकना हेडवर किंवा रेडिएटरच्या वरच्या टोकाला हवा काढायचा छोटा स्क्रू असतो. तो सैल करून बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत भरत राहायचं. स्क्रू नसेल तर झाकणाची बाजू उंच राहील अशी बाइक कलती करायची, होज हाताने दाबायचे, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करायचं. थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावरच रेडिएटरकडची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह) उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेव्हा भर घालायची, हलकं रेस द्यायचं, बाइक डावी-उजवी हलवायची. पंखा कधीही सुरू होतो, त्यामुळे बोटं लांब. हे झाकण उघडं ठेवणं फक्त गार इंजिनापासून सुरुवात केली तरच. तापलेल्या इंजिनाचं बंद झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं कूलंट तोंडावर येतं.

उरलीसुरली हवा पुढे झाकणच बाहेर टाकतं. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात: तापल्यावर एकातून हवा रिझर्व्ह टाकीत जाते, गार झाल्यावर दुसऱ्यातून कूलंट परत ओढलं जातं. म्हणून पहिल्या फेरीनंतर, रात्रभर गार झाल्यावर, टाकीतली पातळी उतरलेली दिसली तर घाबरू नका, भर घाला. पण माझ्यासारखा मोठा हवेचा गोळा अडकला असेल तर टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर उपाशी. गार असताना झाकण उघडून आत पाहणं, हीच खरी तपासणी. शक्य असेल तर काढलेलं कूलंट मोजून ठेवा. तेवढंच परत आत गेलं नाही तर उरलेल्या जागेत हवा आहे.

कूलंट न बदलताही हवा शिरू शकते: होजची क्लिप सैल झाली, झाकणाचं रबर कडक झालं, तरी. तेव्हा आधी ती वाट बंद करायची, मग हवा काढायची. आणि अर्धा तास खटपट करूनही बुडबुडे थांबत नसतील, रेस दिल्यावर वाढत असतील, तर ती बाहेरून आलेली हवा नसण्याची शक्यता मोठी. हेड गॅस्केट (सिलिंडर आणि हेड यांच्यातला सांधा बंद ठेवणारं पॅकिंग) फुटलं की सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये घुसतो. मग घरची खटपट थांबवून बाइक ढकलत का होईना, मेकॅनिककडे न्या.