वेणी सुकते तेव्हा केस वळतात

न्हाऊन आलेल्या मुलीनं केस पंचानं टिपून तिपेडी वेणी घातली आणि संध्याकाळी सोडली, की केसांना लाटा आलेल्या दिसतात. त्याच केसांची तशीच वेणी कोरड्यानं घातली आणि तितकाच वेळ ठेवली, तर सोडल्यावर जरासा बाक दिसतो आणि कंगवा फिरवला की तोही जातो. वेणी तीच, केस तेच, वेळही तितकाच. फरक फक्त पाण्याचा. लग्नसराईत गावोगावच्या पोरी मोबाइलवर बघून ओढणी, मोजे, सुती पट्ट्या गुंडाळून रात्रभरात केस कुरळे करू लागल्या आहेत. त्या सगळ्या प्रकारांच्या मुळाशी हाच फरक आहे. विदर्भात तो नीट समजून घ्यायलाच हवा, कारण मुंबईच्या किंवा केरळच्या दमट हवेत बेतलेली कृती इथल्या मे महिन्यात वेगळी वागते आणि इथल्या श्रावणात आणखी वेगळी.

केस म्हणजे मुख्यतः केराटिन नावाचं प्रथिन. या प्रथिनाच्या लांब साखळ्या मळसूत्री पीळ घेऊन एकमेकींना बिलगून असतात. 1930च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्स इथे विल्यम ॲस्टबरी यांनी लोकर आणि केसांवर क्ष-किरण सोडून त्यांची आतली रचना पाहिली. ओला केस ताणला की क्ष-किरणांचं चित्र बदलायचं आणि सोडला की परत पूर्वीसारखं व्हायचं. म्हणजे आतल्या साखळ्या उलगडतात आणि पुन्हा पीळ घेतात, हे कळलं. त्या पिळाचा नेमका आकार मात्र 1951 साली लायनस पॉलिंग, रॉबर्ट कोरी आणि हर्मन ब्रॅन्सन यांनी मांडला. त्याच्या तीन वर्षं आधी ऑक्सफर्डमध्ये सर्दीनं अंथरुणाला खिळलेल्या पॉलिंग यांनी कागदावर प्रथिनाची साखळी काढली, कागदाला घड्या घातल्या आणि त्यातून त्यांना तो पीळ सापडला. विज्ञानाच्या इतिहासातली ही मला फार आवडणारी गोष्ट आहे.

या साखळ्यांना जागच्या जागी धरून ठेवणारे बंध तीन प्रकारचे असतात. गंधकाचे बंध सर्वांत पक्के. पाण्यानं ते सुटत नाहीत. क्षारबंध आम्ल-अल्कलीनं सैल होतात. तिसरे हायड्रोजन बंध. एकेकटा हायड्रोजन बंध अगदी दुबळा, पण त्यांची संख्या अफाट असते, आणि कोरड्या केसाचा ताठपणा बराचसा त्यांच्यावरच असतो. केस भिजला की पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि स्वतःच प्रथिनाशी बंध जोडतात. त्यामुळे साखळ्यांचे आपसातले बंध सुटतात, त्या जराशा सरकू शकतात आणि केस मऊ पडतो. पाणी उडून गेलं की बंध पुन्हा जुळतात. मात्र ते जुळतात साखळ्या त्या वेळी जिथे असतील तिथे. केस वेणीत वळलेला असेल तर वळलेल्या अवस्थेतच जुळतात.

सुती लुगडं पिळून तसंच वाळत टाकलं तर त्याला चुण्या पडतात. इस्त्री करणारा आधी पाणी शिंपडतो ते त्या मोडण्यासाठीच. कापसाच्या धाग्यातही हेच हायड्रोजन बंध असतात. कापूस पिकवणाऱ्या मुलखाला हे वेगळं सांगायला नको.

मग पार्लरमधलं तापलेलं यंत्र काय करतं? पूर्ण कोरडा केस मऊ पडायला साधारण 140 अंश सेल्सियसच्या वर तापमान लागतं, म्हणून ती यंत्रं 150 ते 230 अंशांपर्यंत तापवतात. पाण्यानं भरलेला केस मात्र घरातल्या साध्या तापमानालाच मऊ असतो. जे काम करायला विजेचं यंत्र एवढी उष्णता ओततं, तेच काम तांब्याभर पाणी करतं; फक्त वेळ जास्त घेतं. यंत्राचा धोकाही खरा आहे. ओल्या केसावर तापलेली सळई लावली तर आतल्या पाण्याची वाफ होते, केसाच्या पोटात बुडबुडे तयार होतात आणि केस तिथेच तुटतो. भारनियमनाच्या गावात दिवे आले की घाईघाईनं ओल्याच केसांवर यंत्र फिरवणाऱ्या मुलींना हे कुणीतरी सांगायला हवं.

आता कृतीकडे. केस वळतो तो सुकताना, भिजताना नव्हे. सगळं यश त्या सुकण्यावर आहे, आणि नेमकं तिथेच बहुतेकींचं बिनसतं. केस आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी आत घेऊ शकतो आणि तेवढ्यानं त्याची जाडी साधारण 15 टक्क्यांनी वाढते. बंध सुटायला आतलं हे पाणी पुरेसं असतं. वरून निथळणारं पाणी काहीच कामाचं नाही. उलट ते जाड वेणीच्या गाभ्यात अडकतं. सकाळी वेणी वरून कोरडी लागते, गाभ्यात ओल तशीच असते. सोडली की आतल्या बटा अजून मऊच असतात आणि स्वतःच्या वजनानं अर्ध्या तासात सरळ होतात. हे वजन कमी नसतं. एक मीटर केसाचं वजन पाच मिलिग्रॅमच्या आसपास धरलं आणि डोक्यावर लाखभर केस मानले, तर हातभर लांब केसांचा भार जवळपास पाव किलो होतो.

म्हणून न्हाल्यावर केस आधी मोकळे वाळू द्यावेत. हाताला गार लागतील पण हात ओला होणार नाही, इतपत दमट राहिले की मगच बांधावेत. सोडण्याआधी वेणीच्या मधल्या पेडात बोट घालून पाहावं. गार लागलं तर आत पाणी आहे. अजून थांबावं.

इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांच्या वर जातो आणि दुपारी हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. अशा हवेत दमट वेणी ओसरीवरच्या सावलीत दुपारभरात खडखडीत वाळते. पण रात्री आपण कूलरसमोर झोपतो. कूलर हवा गार करतो ती तिच्यात पाणी मिसळूनच. खिडक्या लावलेल्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांतून येणारा तो झोत पहाटेपर्यंत वेणी दमट ठेवतो. उन्हाळ्यात कुरळे केस हवे असतील तर रात्री बांधण्याचा मोबाइलवरचा सल्ला बाजूला ठेवावा आणि दुपारी बांधून दिवेलागणीला सोडावेत. गच्चीवर किंवा अंगणात झोपणार असाल तर रात्रीही चालेल.

बांधायचे कशावर? जुन्या सुती लुगड्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या मला सर्वांत चांगल्या वाटतात. सूत स्वतः पाणी शोषतं, त्यामुळे बट आतल्या बाजूनंही वाळते. प्लास्टिकच्या कर्लरमध्ये ते होत नाही. बट जितक्या लहान गोलावर गुंडाळाल तितका वळसा बारीक येतो. सोडल्यावर वळसा नेहमी थोडा उलगडतो, कारण गंधकाचे बंध जागचे हललेले नसतात आणि ते केसाला जुन्या आकाराकडे ओढत राहतात. तेव्हा हवा त्यापेक्षा लहान गोल धरावा. दोन जाड वेण्यांनी लांब लाटा येतात, सहा-आठ बारीक वेण्यांनी दाट. वेणीची टोकं सरळच राहतात; ती पट्टीवर गुंडाळून गाठ मारावी.

गुंडाळताना ओढू मात्र नका. "वल्ल्या केसाची वेणी घालू नको वं, केसं तुटतीन," असं वऱ्हाडातल्या आज्या सांगत आल्या आहेत, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ओला केस कोरड्यापेक्षा सहज ताणला जातो आणि कमी जोरात तुटतो. शिवाय ताणून बांधलेल्या दमट वेण्या रोज घातल्या तर कपाळाजवळचे आणि कानामागचे केस मुळातून सैल होऊन विरळ होतात. वर्षानुवर्षं हेच चाललं तर तिथे केस परत येत नाहीत. लग्नाकार्याला करावं, रोज करू नये. लहान मुलींच्या बाबतीत तर मी याचा आग्रहच धरीन.

आता टिकण्याचा प्रश्न. 1783 साली जिनिव्हाच्या ओरास बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञानं माणसाच्या केसापासून हवेतली आर्द्रता मोजणारं उपकरण केलं. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेलं की केस साधारण दोन ते अडीच टक्क्यांनी लांबतो. ते लांबणं काट्यानं दाखवायचं, एवढंच त्यात होतं. पुढे हवामान केंद्रांतून केसाची ही उपकरणं अनेक दशकं वापरात राहिली. त्याचा आपल्याशी संबंध असा, की केस हवेतलं पाणी सतत घेत-सोडत असतो, आपण तो भिजवला नाही तरीही. मे महिन्याच्या दुपारी केसात वजनाच्या पाच-सहा टक्केच पाणी उरतं. श्रावणात आर्द्रता 80 टक्क्यांवर गेली की ते 15 टक्क्यांच्या पुढे जातं. हे पाणी हळूहळू तेच हायड्रोजन बंध सोडवतं. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारा वळसा पोळ्याच्या सुमारास मिरवणूक संपायच्या आत उतरतो. यात बांधणारीचा काही दोष नाही. तुळशीच्या लग्नापासून पुढे हवा कोरडी होत जाते, कूलरही बंद असतात. रात्री बांधून सकाळी सोडायला तेच दिवस सर्वांत चांगले.

दमट दिवसांत थोडी मदत जवस करतो. चटणीसाठी घरात असलेला तोच. जवसाच्या सालीत लांब साखळ्यांच्या शर्करांचा चिकट पदार्थ असतो आणि तो गरम पाण्यात उतरतो. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात ढवळत उकळावा, पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं लिबलिबीत झालं की गरम असतानाच सुती फडक्यातून गाळावं. गार झाल्यावर ते गाळलं जात नाही. थंड झालेला हा चिकट रस दमट बटांना अगदी हलका लावून मग गुंडाळावं. सुकल्यावर त्याचा पातळ पापुद्रा शेजारशेजारच्या केसांना एकत्र धरतो आणि लाट जास्त वेळ राहते. जास्त लावला तर पांढरे कण सुटतात. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो, बाहेर लवकर आंबतो. मुसळधार पावसात त्याचाही इलाज चालत नाही, कारण तो पापुद्राही हवेतलं पाणी शोषून मऊ पडतो.

तेलाचं सांगायचं तर, खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे मुंबईतल्या संशोधकांनी 2003 साली दाखवलं. सूर्यफुलाच्या तेलात त्यांना हा गुण दिसला नाही. तेव्हा न्हाण्याआधी खोबरेल जरूर लावावं. गुंडाळण्याआधी मात्र तेल चोपडू नये, केस जड होतात.

पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यातल्या, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या बायकांची तक्रार वेगळी असते: बोअरच्या पाण्यानं न्हालं की केस चिकट-राठ होतात आणि कशालाच दाद देत नाहीत. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतं, तो केसांवर बसतो आणि बटा एकसारख्या वळत नाहीत. अंगाच्या साबणानं केस धुण्याचं टाळलं तरी बराच फरक पडतो. शॅम्पूचा असा साका होत नाही. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं पाणी, पहिल्या सरींनी पत्रा धुऊन निघाल्यावरचं, झाकून ठेवलेलं असेल तर शेवटचे दोन तांबे त्याचे घ्यावेत आणि मग केस वाळत सोडावेत.