बिलाचे पैसे थकलेत? ‘समाधान’ पोर्टलवर अर्ज कसा करायचा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांमध्ये काम मिळत नाही ही तक्रार कमी ऐकू येते. केलेल्या कामाचे पैसे येत नाहीत ही जास्त. पगार, वीजबिल, बँकेचा हप्ता सगळं तारखेला जातं आणि मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट मात्र ‘पुढच्या आठवड्यात’. चांगला चालता धंदा अशानेच बसतो. थकलेल्या बिलांची तक्रार ऑनलाइन करण्यासाठी सरकारचं ‘समाधान’ पोर्टल आहे; त्याची माहिती प्रत्येक गाळ्यापर्यंत पोहोचावी असं मनापासून वाटतं.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे माल स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात, आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काही ठरलेलंच नसेल तर १५ दिवस. पीओवर, म्हणजे खरेदी ऑर्डरवर, ९० दिवस छापलेले असले तरी कायद्यापुढे ते टिकत नाहीत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के: ४ लाखांच्या बिलावर पहिल्या महिन्याला ६,००० रुपये, दुसऱ्याला ६,०९०.

अर्ज करता येतो तो ‘उद्यम’ ही सरकारी उद्योग-नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला, उत्पादन असो की सेवा. मध्यम उद्योगाला नाही. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्यालाही नाही. त्याची उद्यम नोंदणी होते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. नोंदणीच्या आधी दिलेल्या मालावर हा लाभ मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं; २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. तेव्हा नोंदणी आजच करून टाका. आधार आणि पॅनवर होते, शुल्क एक रुपयाही नाही. कुणी मागितलं तर देऊ नका.

आता कागद, कारण दावा खरा इथेच उभा राहतो किंवा पडतो. उद्यम प्रमाणपत्र, पीओ, बिलं, डिलिव्हरी चलन (माल पोचवल्याची पावती), गिऱ्हाइकाच्या खात्याचा लेजर उतारा, व्याजाचा तक्ता, मागणीची पत्रं किंवा ईमेल. कंपनी असेल तर सही करणाऱ्याचं अधिकारपत्र. यात सगळ्यात नाजूक कागद म्हणजे चलन. टेम्पोवाला गेटवर माल उतरवतो, वॉचमन घाईत शिक्का मारतो, तारीख पुसट येते, कधी येतच नाही. मुदत मोजायची ती याच तारखेपासून! ड्रायव्हरला सांगून ठेवा: शिक्का, सही आणि तारीख स्पष्ट दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि तिथेच मोबाईलवर फोटो काढायचा. मालात खोट असल्याचं गिऱ्हाइकाने १५ दिवसांत लेखी कळवलं नाही, तर माल स्वीकारला असंच धरलं जातं. सहा महिन्यांनी ‘रिजेक्शन होतं’ म्हणणाऱ्याला हेच उत्तर.

पोर्टलवर उद्यम क्रमांक टाकून ओटीपीने आत जायचं, गिऱ्हाइकाचा पत्ता-ईमेल आणि थकबाकी भरायची, पीओ व बिलं जोडायची. अर्ज जातो अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे. गिऱ्हाईक चेन्नईचं असो वा गुडगावचं, परिषद तुमच्या बाजूची, म्हणजे नाशिकची. आधी समेटाचा प्रयत्न, नाही जमलं तर लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, पण एकही तारीख चुकवू नका. निकालाला कोर्टात आव्हान द्यायचं तर गिऱ्हाइकाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, हा मोठाच आधार.

अर्जाआधी एक पत्र जरूर पाठवा. आयकर कायद्यातल्या तरतुदीने (१९६१ च्या कायद्यात ४३बी(एच)) मुदत उलटून मार्चअखेरपर्यंतही न दिलेलं बिल गिऱ्हाइकाला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. फेब्रुवारीत त्यांच्या अकाउंट्स विभागाला उद्यम प्रमाणपत्रासह हे कळवलं, तर मार्चअखेर चेक निघण्याची शक्यता चांगली. अडलंच तर सातपूर रोडवरच्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे. मूळ चलनांची फाईल घेऊनच जा.