दोन-पंचमांश

सहावीचा वर्ग. सिंहगड रोडवरची शाळा, मी मागच्या बाकावर. टॅबवर प्रश्न आला: अर्धा अधिक एक-तृतीयांश किती? शेजारच्या पोराने प्रश्न न वाचताच पर्याय दाबायला सुरुवात केली. लाल, लाल, लाल... चौथा हिरवा! टाळ्यांचा आवाज, खात्यात नाणी. दारातून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय रमलाय!

रमला होताच. पण शिक्षणशास्त्राच्या हिशोबात सहभागाला तीन पदर असतात: वर्तनाचा, भावनेचा आणि बुद्धीचा. पहिले दोन टॅबचा पडदा चुटकीसरशी मिळवून देतो. तिसऱ्यासाठी डोक्याला ताण द्यावा लागतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये महाविद्यालयीन मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे. आठवड्याने मात्र त्यांना 42 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 56. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून व्हिडिओ बघणं हेही तसं 'दोनदा वाचणं'च. मध्येच थांबवून 'आता पुढे काय?' विचारलं तर गोष्ट वेगळी.

मग टॅब कपाटात टाकायचे का? मला नाही वाटत. दिल्लीत शाळेनंतर चालणाऱ्या केंद्रांत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरची चाचणी झाली, निष्कर्ष 2019 मध्ये छापून आले. साडेचार महिन्यांत मुलांची गणितातली प्रगती तुलनेच्या गटाच्या जवळपास दुप्पट झाली. सातवीतलं मूल खरं तर चौथीच्या गणितात अडकलं असेल, तर सॉफ्टवेअर चौथीचाच प्रश्न देतं. साठ मुलांच्या वर्गात बाईंना ते कसं जमावं? अर्थात त्या केंद्रांत छोट्या गटांना शिकवणारी माणसंही होती.

इथेही बाई होत्याच. त्यांनी बोर्डावर आलेख उघडला: बहुतेकांचं पहिलं बोट दोन-पंचमांशावर. अंशात अंश, छेदात छेद! "टॅब पालथे ठेवा," बाई म्हणाल्या. "अर्धी भाकरी होती, त्यात आणखी तुकडा घातला. मग अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली रे?"

वर्ग गप्प. शेजारच्या पोराने वहीत गोल काढला, त्याचे सहा भाग केले. तीन रंगवले, मग दोन. उरलेल्या एका तुकड्याकडे तो बराच वेळ बघत बसला.