इंग्रजीतील क्रियापदाचे काळ

इंग्रजीतील क्रियापदाचे काळ : क्रिया केव्हा घडते आणि बोलणारा तिच्याकडे कोठून पाहतो, हे क्रियापदाच्या रूपातून दाखवण्याची इंग्रजी व्याकरणातील व्यवस्था. ‘टेन्स’ हा शब्द मूळ लॅटिन ‘टेम्पस’ म्हणजे ‘वेळ’ यावरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. तरीही व्याकरणातला काळ आणि प्रत्यक्षातली वेळ यांची जोडी नेहमी जमतेच असे नाही. मराठीत माणूस निघण्याआधीच ‘आलोच’ म्हणतो. रूप भूतकाळाचे, येणे मात्र अजून व्हायचे असते. इंग्रजीत ‘द ट्रेन लीव्ज टुमॉरो’ म्हणतात. रूप वर्तमानकाळाचे आणि गाडी सुटणार उद्या. हा फरक आधी ध्यानात घेतला, तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

शाळेत सहसा बारा काळांचा तक्ता पाठ करून घेतात : वर्तमान, भूत आणि भविष्य, व प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण असे चार प्रकार. तक्ता पाठांतराला सोयीचा आहे, पण त्यामुळे भाषेची खरी घडण झाकली जाते. क्रियापदाचेच रूप बदलून दाखवले जाणारे काळ इंग्रजीत दोनच आहेत, वर्तमान आणि भूत : ‘वॉक’–‘वॉक्ट’, ‘राइट’–‘रोट’. मराठीतल्या ‘जाईन, जाशील, जाईल’ यांच्यासारखे भविष्यकाळाचे स्वतंत्र रूप इंग्रजी क्रियापदाला नाही. ‘विल’ हे साहाय्यक क्रियापद ती उणीव भरून काढते, पण त्याचे काम तेवढेच नाही. दारावर टकटक झाल्यावर ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हटले, तर तो आत्ताच्या गोष्टीविषयीचा अंदाज असतो. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी इंग्रजीत खऱ्या अर्थाने दोनच काळ मानले, आणि हेच मत अधिक पटण्याजोगे आहे.

या दुहेरी घडणीचे मूळ जर्मानिक भाषांच्या (इंग्रजी, जर्मन, डच इत्यादींच्या कुळाच्या) पूर्वज भाषेत आहे. जुन्या इंग्रजीत पुढच्या गोष्टीही बहुधा वर्तमानकाळाच्याच रूपाने सांगत. त्या वेळी ‘विल’चा अर्थ ‘इच्छिणे’ आणि ‘शॅल’चा ‘देणे लागणे, बांधील असणे’ असा होता; भविष्याचा अर्थ त्यांना पुढे हळूहळू चिकटला. प्रथमपुरुषी ‘शॅल’ आणि इतरत्र ‘विल’ हा एके काळी घोकून घेतला जाणारा नियम इंग्रज गणितज्ञ आणि व्याकरणकार जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये मांडला होता. आज बोलताना तो क्वचितच पाळतात.

चालू आणि पूर्ण हे खरे तर काळ नव्हेत. त्या क्रियेच्या अवस्था आहेत. ‘बी’ला ‘इंग’-प्रत्ययान्त रूप जोडले की चालू अवस्था होते, ‘हॅव’ला क्रियापदाचे तिसरे रूप जोडले की पूर्ण अवस्था होते. कितीही लांब शब्दसमूह झाला तरी काळाची खूण त्यातल्या पहिल्याच क्रियापदावर येते. ‘हॅज बीन रायटिंग’चा भूतकाळ करताना फक्त ‘हॅज’चे ‘हॅड’ होते. बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत. ‘डिड यू वेंट’ चूक का, याचे उत्तरही येथेच सापडते : भूतकाळ ‘डिड’ने आधीच दाखवला आहे, म्हणून पुढे मूळ रूप ‘गो’च हवे. हे एक सूत्र उमगले की तक्त्यातली बहुतेक रूपे पाठ न करता बांधता येतात. अनियमित क्रियापदांची रूपे मात्र पाठच करावी लागतात. ‘सिंग–सँग–संग’ यांसारख्यांत मधला स्वर बदलतो, ‘कट’सारख्यांत काहीच बदलत नाही; आणि ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ हा तर मुळात ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचा आहे.

मराठी भाषकाला सर्वांत जास्त अडवतो तो पूर्ण वर्तमानकाळ. जर्मन तत्त्ववेत्ते हान्स रायखेनबाख यांनी १९४७ मध्ये काळांची उकल तीन बिंदूंनी केली : बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि जेथून घटनेकडे पाहायचे तो संदर्भाचा क्षण. ‘आय लॉस्ट द की’ यात संदर्भ मागेच, किल्ली हरवली त्या वेळी आहे. ती नंतर सापडलीही असेल. ‘आय हॅव लॉस्ट द की’ यात संदर्भ आत्ताचा आहे, म्हणून ऐकणारा समजतो की दार अजून उघडत नाही. संदर्भ वर्तमानात असल्यामुळेच या काळाबरोबर ‘यस्टरडे’सारखा संपलेल्या वेळेचा शब्द चालत नाही. ‘शी हॅज गॉन टु लंडन’ म्हणजे ती अजून परतलेली नाही. ‘शी हॅज बीन टु लंडन’ म्हणजे जाऊन आली. अमेरिकी इंग्रजीत ‘डिड यू ईट यट’ असा साधा भूतकाळ सर्रास येतो. तेथे ब्रिटिश वळण ‘हॅव यू ईटन यट’ असे आहे.

पूर्ण भूतकाळ मात्र मराठी भाषक नको तेथे वापरतो. ‘मी काल डॉक्टरांकडे गेलो होतो’ हे मराठीत अगदी सहज वाक्य आहे, म्हणून ‘आय हॅड गॉन’ असे तोंडात येते. इंग्रजीत मात्र ‘हॅड’साठी भूतकाळातला आणखी एक टप्पा लागतो, जसे ‘द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन वी अराइव्ह्ड’. दुसरी घटना मनातही नसेल, तर ‘आय वेंट’ एवढेच पुरते. आपल्या ‘होतो’मधून जाऊन आल्याची, म्हणजे गोष्ट संपल्याची जी छटा येते, ती ‘हॅड’मधून येत नाही.

‘नो’ (माहीत असणे), ‘ओन’ (मालकीचे असणे), ‘बिलाँग’ (एखाद्याचे असणे) अशी स्थितिवाचक क्रियापदे सहसा चालू अवस्थेत येत नाहीत. दुसऱ्याचे बोलणे आपल्या शब्दांत सांगताना काळ एक पाऊल मागे सरकतो : मराठीत ‘तो म्हणाला, की मी दमलो आहे’, तर इंग्रजीत ‘ही सेड ही वॉज टायर्ड’. शिवाय भूतकाळाचे रूप नेहमी भूतकाळच सांगते असेही नाही. ‘इफ आय न्यू द आन्सर’ यात ते आत्ताची, पण खरी नसलेली गोष्ट सांगते. ‘जर’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत मराठीही ‘मला उत्तर माहीत असतं तर’ असे वेगळे रूप वापरते, त्यामुळे हा भाग मराठी भाषकाला तुलनेने लवकर उमजतो.

तक्त्यातली सगळीच रूपे जुनी नाहीत. ‘द हाउस इज बीइंग बिल्ट’ ही आज साधी वाटणारी कर्मणी रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस रुजू लागली. त्याआधी घर बांधले जात असेल तरी ‘द हाउस इज बिल्डिंग’ असेच म्हणत, आणि एकोणिसाव्या शतकातल्या काही जाणकारांना नवी रचना ओबडधोबड वाटत होती.