मतदार आटले, की छेद फुगला?

1996 साली बिल क्लिंटन दुसऱ्यांदा अमेरिकेचे अध्यक्ष झाले, तेव्हा तिथल्या मतदानाच्या वयाच्या निम्म्या लोकांनीही मत दिलं नव्हतं. 1960 मध्ये हाच आकडा 63 टक्क्यांच्या घरात होता. लोकांचा राजकारणातला रस संपला, असं निदान झालं आणि टीव्हीपासून आळसापर्यंत कारणंही सापडली. मग 2001 मध्ये मायकेल मॅकडोनाल्ड आणि सॅम्युएल पॉपकिन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी शाळेतल्या गणिताकडे बोट दाखवलं: अपूर्णांकात अंशाखाली छेदही असतो, तो कुणी तपासला का?

टक्केवारी म्हणजे पडलेली मतं भागिले मतदार. अमेरिकेत मतदार म्हणून 18 वर्षांवरचे सगळेच रहिवासी धरले जात. त्यात नागरिकत्व नसलेले स्थलांतरित आले (ग्रीन कार्डची वाट पाहणारा पुण्याचा इंजिनियरसुद्धा!) आणि शिक्षेमुळे मताधिकार गेलेले कैदीही आले. 1970च्या आसपास नागरिक नसलेले 2 टक्क्यांच्या आगेमागे होते, 2000पर्यंत ते 8च्या आसपास गेले. तुरुंगही त्याच काळात भरत गेले. ज्यांना मत देताच येत नाही असे लोक वजा केले, की 1972 नंतरची घसरण जवळजवळ उरतच नाही. त्याआधीची घसरण मात्र खरी होती. तिचा एक भाग 1971च्या घटनादुरुस्तीमुळे झाला: मतदानाचं वय 21वरून 18वर आलं आणि कमी मतदान करणारी तरुण मंडळी छेदात दाखल झाली. पुढे 2020 मध्ये पात्र नागरिकांपैकी सुमारे 66 टक्के लोकांनी मत दिलं. 1900 नंतर एवढं मतदान कधीच झालं नव्हतं.

आपल्याकडे छेद म्हणजे मतदारयादी. यादीत वारलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची नावं राहिली की टक्का आपोआप घसरतो. त्यामुळे 'मुंबईकर मतदानाला बाहेर पडेनात' या ठरलेल्या बातमीवर मी जरा बेतानेच विश्वास ठेवतो.

पहिल्या निवडणुकीत उलटं घडलं. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' यापलीकडे स्वतःचं नाव न सांगणाऱ्या सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळली गेली. छेदातूनच गेल्यामुळे त्यांची गैरहजेरी टक्केवारीत दिसलीच नाही. 1962 मध्येही स्त्रिया पुरुषांपेक्षा मतदानात सुमारे 17 टक्क्यांनी मागे होत्या. 2019च्या लोकसभेला त्या किंचित पुढे निघाल्या. सहभाग घटतोय म्हणणाऱ्यांनी आधी या दोन आकड्यांचं उत्तर द्यावं.

पण मत देणं हा सहभागाचा सगळ्यात स्वस्त प्रकार. पक्षाचं सदस्य होणं, वर्गणी भरणं, सभांना जाणं, यात पश्चिम युरोपात खरोखरच ओहोटी आहे. ब्रिटनच्या हुजूर पक्षाने 1950च्या दशकात 25 लाखांहून जास्त सदस्यांचा दावा केला होता. 2022 मध्ये हा पक्ष सत्तेत असताना त्याच्या नेतेपदासाठी लिझ ट्रस उभ्या राहिल्या, तेव्हा मताधिकार असलेले सदस्य उरले होते सुमारे 1 लाख 72 हजार. देशाचा पुढचा पंतप्रधान कोण, हे त्यांनीच ठरवलं.