प्रश्नपत्रिकेचा पासंग

‘एल्युसिडेट द डिसीज सायकल ऑफ डाऊनी मिल्ड्यू ऑफ ग्रेप्स.’ म्हणजे द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगाचं चक्र उलगडून सांगा. पाच गुणांचा हा प्रश्न मीच काढलेला. सुरगाणा तालुक्यातून नाशिकला शिकायला आलेल्या, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाने त्याखाली तीन तुटक इंग्रजी वाक्यं लिहिली होती. मी एक गुण दिला आणि पुढचा पेपर उचलला.

पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिकाला टेबलावर द्राक्षाची पानं होती. तोच मुलगा शेजारच्या मुलीला सांगत होता, “रात्री दहिवर पडलं आन् पान उशिरापर्यंत ओलं राहिलं का डाऊनी आलीच. आधी तेलकट डाग दिसतो. पान उलटं कर, मागून पांढरी बुरशी. पाऊस लागून राहिला का मग घडावर जाते.” त्याच्या घरची माणसं दर वर्षी दिंडोरीकडच्या बागांत छाटणीला येतात; तोही त्यांच्याबरोबर राबलेला. या रोगाचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत पर्णरंध्रापर्यंत, म्हणजे पानाच्या सूक्ष्म छिद्रापर्यंत, जातात आणि तिथून आत शिरतात. पान कोरडं असेल तर ती वाट बंद. रोगचक्राचा हा गाभा त्याला पुस्तक हातात येण्याआधीपासून ठाऊक होता. मी पेपराचं विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, “मॅडम, काय करायचंय तेच कळलं नाही.”

तो एक गुण माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी त्याचं इंग्रजी तपासलं होतं आणि गुण वनस्पतिशास्त्राच्या रकान्यात भरला होता.

जुन्या तागडीची दोन्ही पारडी रिकामी असतानाही कधी कधी एक बाजू झुकते, त्या फरकाला आपण पासंग म्हणतो. अशा तागडीवर तेच कांदे दहा वेळा तोला. दहाही वेळा वजन सारखंच भरेल, आणि दहाही वेळा चुकीचंच. मापनशास्त्रात या दोन गोष्टींना वेगळी नावं आहेत. पुन्हा मोजलं तरी तेच उत्तर येणं म्हणजे विश्वसनीयता. जे मोजायचं तेच मोजलं जाणं म्हणजे वैधता. पहिलीची आपण जिवापाड काळजी घेतो: सीलबंद पाकिटं, आसनक्रमांक झाकणं, मॉडरेशन, पुनर्मूल्यांकन. दुसरीचा विचार मात्र पेपर काढताना फार थोड्यांच्या मनात येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल मेसिक यांनी १९८९ मध्ये वैधतेची सविस्तर मांडणी केली. तिला दोन बाजूंनी धोका असतो. मोजायचं त्यातलं काही निसटतं, किंवा भलतंच काही गुणांत मिसळतं.

हे भलतं बहुतेक वेळा भाषेच्या वाटेने येतं. विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवायची मेंदूची जी सोय, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिचं प्रारूप मांडलं. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तोवरचे पुरावे तपासून दाखवलं की तिथे एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात. जागा सगळ्यांचीच एवढी अपुरी, प्राध्यापकांचीसुद्धा. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलगी ती सगळी बुरशीसाठी वापरते. घरी कोकणा बोली बोलणारा, शाळेत मराठीतून शिकलेला मुलगा इंग्रजीत उत्तर लिहायला बसतो तेव्हा त्यातली काही जागा स्पेलिंग, क्रियापदाचा काळ आणि ‘एल्युसिडेट’ यांनी आधीच अडवलेली असते. विषयासाठी उरते ती उरलीसुरली. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी मुलांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये विद्यापीठांना सांगितलं, त्यामागचं मला पटणारं कारण हेच आहे.

वेळेचंही तेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पात्र दिव्यांग परीक्षार्थीला दर तासामागे किमान २० मिनिटं जास्त द्यायला सांगितलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात आणखी पुढचं पाऊल टाकलं. लिहायला घेताच हाताचे स्नायू आखडणाऱ्या उमेदवाराकडे ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही, म्हणून त्याला लेखनिक नाकारता येणार नाही, असा तो निकाल. मला तो फार मोलाचा वाटतो. तरीही सवलत मागावी लागते, आणि मागायला आधी आपल्याला काय होतंय ते ठाऊक असावं लागतं. वाचनअक्षमता असलेली कितीतरी मुलं ‘आळशी’, ‘अक्षर घाणेरडं’ एवढंच ऐकत कॉलेजपर्यंत पोचतात.

रॉन मेस हे अमेरिकी वास्तुविशारद. लहानपणी पोलिओ झाला, पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत. त्यांचं सांगणं असं की इमारत बांधून झाल्यावर मागच्या दाराला उतार जोडू नका, आराखडाच सगळ्यांसाठी काढा. या विचाराला त्यांनी सार्वत्रिक आरेखन म्हटलं. अमेरिकेतल्या कास्ट या १९८४ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने तो शिकवण्यात आणला: मुलांना गुंतवण्याच्या, माहिती पोचवण्याच्या आणि शिकलेलं दाखवण्याच्या एकाहून अधिक वाटा आधीपासूनच ठेवायच्या. माझ्यापुरता मी त्याचा अर्थ असा लावला की दोन तासांचा पेपर सव्वा तासात लिहून होईल एवढाच काढायचा. मग ज्याचा हात हळू चालतो त्याला अर्ज करावा लागत नाही, आणि ज्याचा भरभर चालतो त्याचं काही जात नाही.

तारखेचाही प्रश्न आहे. सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरभर निफाड-दिंडोरीकडे गोड्या बहाराची, म्हणजे फळासाठीची, छाटणी चालते, मागोमाग डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावायची. सुरगाणा, पेठकडच्या टोळ्या बागांवर असतात. पहिल्या सत्राच्या परीक्षा त्याच सुमाराला येतात. हाताला काम असणाऱ्यांनीही शिकावं म्हणून याच शहरात १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तिथला शिकणाऱ्याच्या दिनक्रमाचा विचार नेहमीच्या कॉलेजातही यायला हवा.

एकाच मोठ्या परीक्षेवर सगळा भार टाकण्याऐवजी लहान चाचण्या वरचेवर घेतल्या तर फायदा सगळ्यांचाच होतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एकदा त्यांनी उतारा पुन्हा वाचला, एकदा पुन्हा न वाचता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेलं जास्त आठवत होतं: ८१ टक्के, लिहून काढलेलं ७५. आठवड्याने पारडं फिरलं. पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं, लिहून काढलेल्यातलं ५६. आठवण्याचा प्रयत्न हाच अभ्यास ठरतो. वर्गातल्या शिकवण्याचंही असंच. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान-अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के नापास, मुलांना तासालाच काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गात २१.८. त्याच परंपरेतल्या २०२० च्या विश्लेषणात दिसलं की अशा वर्गांत वंचित गटांतल्या आणि इतर विद्यार्थ्यांमधलं अंतरही कमी होतं.

“मग दर्जाचं काय?” हा प्रश्न स्टाफरूममध्ये हमखास येतो, आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं की जे कौशल्य मोजायचं आहे त्यात तसूभर सूट द्यायची नाही. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या परिचारिकेला औषधाचा डोस पटकन काढता आलाच पाहिजे. तिच्या परीक्षेत वेग हा विषयाचाच भाग आहे. इंग्रजीच्या पेपरात इंग्रजीच तपासायचं. बुरशीच्या पेपरात मात्र बुरशी. आणि तोंडी परीक्षा हा रामबाण उपाय नव्हे. तिथे अडखळत बोलणारी मुलं मागे पडतात, परीक्षकावर आधीच्या उत्तराची छाप राहते. म्हणून लेखी असो वा तोंडी, कशाला किती गुण ते आधीच लिहून ठेवायचं, मुलांनाही दाखवायचं. पेपर तपासताना मी आता आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न संपवते, मग दुसरा घेते.

यंदा अंतर्गत चाचणी छाटणीच्या आधी, सप्टेंबरच्या सुरुवातीला घेतली. प्रश्न असा: ‘पानावर हा डाग दिसतो. रोग कोणता? कशावरून ओळखलात? आत कसा शिरला असेल? पुढचे दोन दिवस कोरडे गेले तर काय होईल?’ इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हीकडे सोप्या शब्दांत. आधी पानाचा फोटो छापणार होते, पण काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये पिवळा डाग दिसेना, आणि रंगीत छापला तरी रंगांधळ्या मुलाचं काय, हा प्रश्न उरलाच असता. म्हणून सकाळी दिंडोरी रस्त्यावरच्या एका बागेतून पिशवीभर पानं आणली आणि प्रत्येकाच्या बाकावर एक ठेवलं.

पेपर सुरू होऊन दोन मिनिटं झाली असतील. मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला.

“मॅडम, पान उलटं करून बघितलं तर चालेल?”